एक लिटर ऑइल, तीन संसार

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये इंजिन ऑइलची एक अख्खी रांग असते. खाली पाच-पाच क्वार्टचे कॅन, वर एकेक क्वार्टच्या बाटल्या, आणि जवळजवळ सगळं कारसाठी. त्या गर्दीत मोटरसायकलचं ऑइल शोधायला गेलं, तर कोपऱ्यातल्या एखाद्या फळीवर चार बाटल्या मिळतात, त्याही महाग. मग साहजिकच मनात येतं, की इंजिन ते इंजिन आणि ऑइल ते ऑइल. तीस हजार डॉलरची कार ज्या ऑइलवर पळते, त्यावर सव्वाशे सीसीची बाइक का नाही पळणार?

इथे ओहायोत हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. शिकायला आलेली आपली मुलं कार आणि तिचा इन्शुरन्स परवडत नाही म्हणून सेकंडहँड होंडा ग्रोम किंवा तसलीच छोटी बाइक घेतात आणि पहिली सर्व्हिसिंग घरीच करायची ठरवतात. तोच प्रश्न उलट्या बाजूने गावाकडूनही येतो. ‘तुमच्याकडे चांगलं ऑइल मिळतं म्हणे, आपल्या गाडीत कुठलं घालू?’ दोन्हीकडचं उत्तर एकच आहे, आणि ते बाटलीच्या पुढच्या बाजूला नसून मागच्या बारीक अक्षरांत असतं.

आधी मुळात फरक काय ते बघू. कारमध्ये इंजिन ऑइल फक्त इंजिनाचं असतं. गिअरबॉक्सला त्याचं वेगळं ऑइल, आणि हाताने गिअर टाकायच्या कारचा क्लच तर बहुधा कोरडाच, दोघांच्या मधे. आपल्या छोट्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिघे एकाच घरात राहतात आणि एकाच भांड्यातलं ऑइल वापरतात. कारमध्ये चार-पाच लिटर ऑइल असतं. इथे सगळं मिळून लिटरभर. जुन्या ग्रोममध्ये ऑइल बदलताना ०.९ लिटर बसतं. म्हणजे एका पगारात तीन संसार चालवायचे, आणि तिघांच्या मागण्या वेगळ्या.

पिस्टनला आणि सिलिंडरला हवा निसरडेपणा. गिअरच्या दात्यांना हवा असा थर, जो दोन दात एकमेकांवर दाबले गेले तरी फाटणार नाही. आणि क्लचला हवी पकड.

हा क्लच म्हणजे एका डब्यात एकाआड एक रचलेल्या गोल चकत्या. एक घर्षणाचं अस्तर लावलेली, एक साधी पोलादाची, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादाची. मजबूत स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. आपण लिव्हर ओढला की चकत्या सुट्या होतात आणि इंजिन एकटंच फिरतं. लिव्हर सोडला की त्या पुन्हा चिकटतात, मधलं ऑइल बाहेर ढकललं जातं आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे जाते. या चकत्या सतत ऑइलमध्ये भिजलेल्या असतात, म्हणून याला वेट क्लच म्हणतात. ऑइल त्यांची उष्णता वाहून नेतं, त्यामुळे एवढासा क्लच शहरातल्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर ओढला-सोडला तरी वर्षानुवर्षं टिकतो.

कॅरमच्या बोर्डावर आपण पावडर टाकतो, ती सोंगटी सुळकन जावी म्हणून. आखाड्यातला पैलवान अंगाला माती चोळतो, ती हात निसटू नये म्हणून. बाइकच्या ऑइलला पिस्टनपाशी पावडरचं काम करायचं असतं आणि क्लचपाशी मातीचं. दोन्ही कामं एकाच वेळी करणारं ऑइल बनवता येतं, पण ते तसं मुद्दाम बनवावं लागतं.

आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडलाच नाही. राजदूत, जुना टू-स्ट्रोक चेतक या गाड्यांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असायचं आणि धुरातून निघून जायचं. गिअर आणि क्लच यांचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असायचं. पंपावर पेट्रोल भरताना टू-टी ऑइल टाकून घेतलं की झालं. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाड्या होत्या, पण त्या थोड्या घरी. १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि त्यानंतर फोर-स्ट्रोक गाडी सर्वसामान्यांच्या अंगणात उभी राहिली. तेव्हापासून एक लिटर ऑइल आणि तीन संसार हे गणितही घरोघर आलं.

तरी बरीच वर्षं कारचं ऑइल बाइकला चालून जात होतं. बिघडलं ते नंतर, आणि त्याची मुळं अमेरिकेत आहेत. तेलटंचाईनंतर १९७५मध्ये इथे कायदा झाला आणि कार कंपन्यांना सरासरी मायलेज वाढवणं भाग पडलं. इंजिन सुधारता सुधारता त्यांनी ऑइलकडेही लक्ष वळवलं. ऑइल पातळ केलं, आणि त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातली. मॉलिब्डेनमची संयुगं हे त्यांतलं एक मोठं नाव. धातूच्या पृष्ठभागावर ती चिकटून बसतात आणि त्याला आणखी निसरडं करतात. कारचा क्लच वेगळा असल्यामुळे तिला याचा फायदाच. पण तेच ऑइल बाइकमध्ये गेलं, की क्लचच्या चकत्यांवरही तोच निसरडा लेप बसू शकतो. गाड्यांचे क्लच सरकायला लागले.

यावर तोडगा काढला जपान्यांनी, कारण जगभर छोट्या बाइक पसरवल्या होत्या त्यांनीच. जॅसो, म्हणजे जपानची वाहन मानक संस्था, हिने १९९८मध्ये चार-स्ट्रोक मोटरसायकलींच्या ऑइलसाठी टी ९०३ नावाचं मानक काढलं. यात ऑइल खऱ्या क्लचप्लेटांसह यंत्रावर तपासतात. प्लेटा एकमेकींवर सरकताना घर्षण किती, चिकटल्यावर किती, आणि थांबायला वेळ किती, या तीन गोष्टी मोजतात. त्यावरून दोन गट पडतात. पकड देणारं ते एमए, निसरडं ते एमबी. एमएमध्येही पुढे २००६मध्ये दोन भाग केले. कमी पकडीचं एमए१, जास्त पकडीचं एमए२. नुसतं एमए लिहिलं असेल, तरी ते वेट क्लचसाठीच आहे असं समजावं.

आता बाटली हातात घ्या आणि उलटी करा. तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली गोष्ट, जॅसोचा शिक्का. ती एक छोटी चौकट असते. वर कंपनीने नोंदवलेला सांकेतिक क्रमांक आणि खाली एमए किंवा एमए२. काही बाटल्यांवर चौकट नसते, मजकुरात नुसता जॅसो एमएचा उल्लेख असतो. चौकट असलेली बाटली मिळत असेल, तर ती घ्यावी, कारण त्या क्रमांकामागे नोंदणी असते.

दुसरी गोष्ट, अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचं, म्हणजे एपीआयचं गोल चिन्ह. मेदूवड्यासारखं, मधे वर्तुळ. वरच्या अर्ध्या भागात एसएल, एसएन, एसपी अशी अक्षरं, मधे जाडी. खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलेलं असेल, तर ती बाटली परत फळीवर ठेवा. जुन्या बाटल्यांवर याच जागी ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ असायचं. होंडा आपल्या बाइकच्या मॅन्युअलमध्ये ही दोन्ही ऑइलं घालू नका, असं स्पष्ट सांगते. तिथे एपीआय एसजी किंवा त्यापुढचं, १०डब्ल्यू-३० आणि जॅसो एमए एवढीच अपेक्षा असते.

इथे एक गंमत आहे. एसजीनंतर एसजे, एसएल, एसएम, एसएन आणि २०२०मध्ये एसपी आलं. अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नवं. पण नवं म्हणजे तुमच्या क्लचला चांगलं, असं नाही. कारच्या धुराड्यातलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून कारच्या नव्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या आत ठेवतात. झीज थांबवणाऱ्या द्रव्यात हाच फॉस्फरस असतो. जॅसोने बाइकसाठी तो ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवला आहे, कारण गिअरचे दातही त्याच ऑइलच्या भरवशावर असतात. तेव्हा एसपी लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. एसपी आणि एमए दोन्ही असेल, तर उत्तम.

तिसरी गोष्ट, जाडी. १०डब्ल्यू-३० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. जितका लहान, तितकं थंडीत सैल. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. इथे मॅन्युअल सांगेल तेच घ्यायचं. ‘इंजिन आवाज करतंय, थोडं जाड घालू’ हा आपल्याकडच्या गॅरेजमधला जुना सल्ला. त्याने आवाज दबतो, पण थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचतं आणि मायलेजही थोडं घटतं.

हे सगळं फार बारकाईचं वाटत असेल, तर आमच्या इथल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याने सेकंडहँड सव्वाशे सीसीची बाइक घेतली. पार्ट्सच्या दुकानातल्या माणसाने त्याला दुकानातलं सगळ्यात भारी ऑइल दिलं, ०डब्ल्यू-२०, फुल सिंथेटिक. तीन आठवडे बरे गेले. मग एके संध्याकाळी कामावरून परतताना तो पुलाच्या चढावर होता, मागे ट्रक. त्याने ॲक्सिलरेटर पिळला. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी हलेना. उलट वेग कमी होत गेला. ट्रकवाल्याने हॉर्न मारत कशीबशी बगल दिली. पोरगा घाबरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि तिथूनच त्याने फोन केला. ‘काका, रेस होते पण ओढत नाही.’

क्लच सरकण्याची ही अगदी पाठ्यपुस्तकातली खूण. पण खूण दिसली म्हणून लगेच ऑइलला दोष द्यायचा नसतो. आधी लिव्हर बघायचा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल घट्ट ओढलेली असेल, तर क्लच अर्धवट दाबल्यासारखाच राहतो आणि ऑइल कितीही चांगलं असलं तरी सरकतो. त्याची केबल बरोबर होती. मग त्याने खोलीवरून रिकामी बाटली आणून दाखवली. गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्यात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’. जॅसोचा पत्ता नाही.

आम्ही ते ऑइल काढलं, एमए२चं १०डब्ल्यू-३० भरलं, शंभरेक मैल सावकाश चालवून तेही काढलं आणि पुन्हा नवं घातलं. आतल्या खाचाखोचांत राहिलेलं जुनं ऑइल निघून जावं, हा हेतू. रोजच्या चालवण्यात सरकणं थांबलं, पण वरच्या गिअरला पूर्ण पिळल्यावर थोडं होतंच. सरकून सरकून तापलेल्या चकत्यांचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. शेवटी त्याला नव्या प्लेटा आणि स्प्रिंगा घालाव्या लागल्या. लवकर लक्षात आलं तर ऑइल बदलून क्लच वाचू शकतो, दरवेळी वाचतोच असं नाही. प्लेटांचा खर्च परवडला. त्या चढावर ट्रक थोडा जवळ असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मात्र करवत नाही.

अशीच गोष्ट साताऱ्याकडच्या आमच्या एका काकांची. स्प्लेंडरला दोन बाजूंना दुधाचे कॅन लावून ते रोज पहाटे डेअरीला जातात. पुतण्याच्या नव्या कारच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं लिटरभर ऑइल त्याने मोठ्या प्रेमाने काकांच्या गाडीत घातलं. आठवड्यात गाडी खिंडीच्या चढाला मान टाकायला लागली. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, ‘काका, ती बाटली कॅमेऱ्यासमोर धरा आणि फिरवा.’ ०डब्ल्यू-२०. बाटली वाचून झाल्यावर काकांनी विचारलं, ‘अरे, पण हे आपल्या नेहमीच्या ऑइलपेक्षा दुप्पट महाग आहे. मग वाईट कसं?’

वाईट नाहीच. ते कारसाठी चांगलं आहे. पैठणी भारी म्हणून ती नेसून कुणी शेतात खुरपायला जात नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण घरच्यांसाठी काही घ्यायचं म्हटलं की आपला हात आपोआप सगळ्यात महागड्या वस्तूकडे जातो, आणि आपण सांगितलं की तिकडे कुणी उलट विचारत नाही. काकांनी त्याच दिवशी ऑइल बदललं. त्यांच्या प्लेटा वाचल्या.

महाराष्ट्रातल्या घरांत याहून साधी एक चूक होऊ शकते. अंगणात एक स्प्लेंडर आणि एक ॲक्टिव्हा उभी असते. दोन्हींना १०डब्ल्यू-३०च लागतं, म्हणून एकच बाटली आणली जाते. पण ॲक्टिव्हाचा क्लच पट्ट्याच्या बाजूला, कोरडा असतो. तिला निसरडं ऑइल चालतं, म्हणून स्कूटरच्या बाटलीवर एमबी असतं. ते गिअरच्या बाइकमध्ये गेलं की क्लच सरकू शकतो. उलटं झालं, म्हणजे एमए ऑइल स्कूटरमध्ये गेलं, तर बिघाड होत नाही, फार तर मायलेज जरासं कमी. दोन गाड्या असतील, तर दोन बाटल्या, आणि बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत गाडीचं नाव. सुटं ऑइल घेऊ नये, सील बघून घ्यावं, आणि रिकामी बाटली कापून टाकावी, म्हणजे तिच्यात कुणी भलतंच भरून पुन्हा विकणार नाही.

‘सिंथेटिक घातलं की क्लच सरकतो’ हा समज दोन्ही देशांत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. सिंथेटिक ही ऑइलच्या मूळ द्रवाची जात झाली. क्लच सरकवतात ती त्यात मिसळलेली घर्षण कमी करणारी द्रव्यं. एमए२ शिक्क्याचं सिंथेटिक खुशाल घाला, आणि परवडत नसेल तर एमए शिक्क्याचं साधं मिनरल वेळच्या वेळी बदला. इथे काही जण ट्रकचं डिझेल इंजिन ऑइल बाइकमध्ये घालतात. ऐकायला विचित्र, पण त्यांतल्या काही बाटल्यांवर खरोखर जॅसो एमए लिहिलेलं असतं. मात्र त्यांची जाडी बहुधा १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० असते. मॅन्युअलमध्ये ती चालत असेल, तरच घ्या.

राहतो तिथलं हवामानही बघावं लागतं. ओहायोच्या थंडीत बाइक तीन-चार महिने झाकून ठेवली जाते. ठेवण्याआधी ऑइल बदलावं, वापरलेल्या ऑइलमधली आम्लं आणि ओल इंजिनात मुरत ठेवू नये. आखातात डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांची गोष्ट उलटी. हवेवर थंड होणारं इंजिन, पंचेचाळीस अंशांची दुपार आणि सिग्नलला उभं राहणं. तिथे ऑइल लवकर थकतं. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी सीबीटी करून एल बोर्ड लावला की १२५ सीसीपर्यंतची बाइक चालवता येते. तिथल्या मुलांचं चालवणं बहुधा जवळपासचं. इंजिन नीट तापायच्या आत घर येतं आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश साठत राहतो. किलोमीटर कमी झाले असले, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायला हवं.

ऑइल भरलं की संपलं, असंही नाही. गिअरचे दात ऑइलमधले लांब रेणू तोडत राहतात, त्यामुळे बाइकचं ऑइल कारपेक्षा लवकर पातळ होतं. गिअर पूर्वीपेक्षा खडखडत पडायला लागले, की ऑइल थकल्याची ती खूण असू शकते. पातळी दर पंधरा दिवसांनी बघावी. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, बाइक सरळ उभी धरायची. होंडाच्या छोट्या बाइकमध्ये डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. लिटरभरात दोनशे मिली कमी झालं, तर पाचवा हिस्सा गेला. जास्त भरणंही वाईट, ऑइल फेसाळतं. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. अमेरिकेत पार्ट्सची बरीच दुकानं ते परत घेतात, आणि आपल्याकडे गॅरेजवाल्याच्या पिंपात ते जमा करता येतं.

गाडीच्या मॅन्युअलमधलं ऑइलचं पान मोबाइलवर फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. सुप्रभातच्या फुलांमध्ये ते हरवेल, म्हणून पिन करा. आणि पुढच्या वेळी गावी बोलताना बाबा किंवा काका म्हणाले, की ‘गाडी हल्ली चढाला ओढत नाही, म्हातारी झाली’, तर नव्या गाडीचे पैसे पाठवायच्या आधी एवढंच विचारा, ‘शेवटचं ऑइल कुठलं घातलं होतं?’